तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : डिग्री आहे, मग हाताचं ऑपरेशन का नाही केलं?

या वेळी हाताच्या ऑपरेशनवर बरीच पत्रं आलीत, बहुतेक कडबाकुट्टी, जिनिंग अन डाळ मिलवाल्या घरांतून. मी स्वतः डॉक्टर नाही, पण दवाखान्यांच्या क्वालिटी डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढली, कोणत्या डॉक्टरला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या मीटिंगा लिहून घेतल्या, त्यामुळे त्या बाजूचं सांगते.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं गाव जामनेर तालुक्यात. वडिलांचा हात कडबाकुट्टीत गेला, अंगठा अन शेजारचं बोट तुटलं. शहरातल्या एका हॉस्पिटलला नेलं. तिथले डॉक्टर एमएस ऑर्थो, बोर्डावर हँड सर्जरी फेलोशिप पण लिहिलेली. त्यांनी बघितलं, ड्रेसिंग केलं अन म्हणे मला इथं बोट जोडायचं प्रिव्हिलेज नाही, लगेच पुढं न्या. वडील गाडीत एकच विचारत होते, "मन्हा हात जाई का रे भो?" पुढं मोठ्या शहरात अंगठा जोडला गेला, बोट नाही जमलं. शिकलेला डॉक्टर असं नाही कसं म्हणू शकतो? ही जबाबदारी झटकणं नाही का?

उत्तर : भाऊ, अंगठा वाचला हे आधी मनाशी धरा, विळा धरायचा काय न् मोटारसायकलचं हँडल धरायचं काय, पकड सगळी अंगठ्यावर. म्हणून तर सर्जन लोक अंगठा जोडायचा प्रयत्न शक्यतो सोडत नाहीत, अन मोठ्या माणसाचं एकच बोट मुळातून तुटलं असलं तर बरेचदा जोडायच्या भानगडीत पडत नाहीत, कारण जोडलेलं बोट ताठ राहिलं तर बाकीच्या बोटांनाही अडचण करतं.

आता तुमचा राग. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं ते प्रॅक्टिस करायचं लायसन. पण एखाद्या हॉस्पिटलच्या ओटीत त्यानं कोणकोणती ऑपरेशनं करायची हे ते हॉस्पिटल वेगळं ठरवतं, त्यालाच प्रिव्हिलेज म्हणतात. गाडीचं लायसन आहे म्हणून एसटी डेपोवाला काही कुणालाही बस देत नाही, तसंच हे. एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ, त्याचा शिक्का घेतलेल्या हॉस्पिटलला तर हे लेखी करावंच लागतं, प्रत्येक डॉक्टरची फाईल अन त्यात ऑपरेशनांची यादी, प्रत्येकापुढं खूण, स्वतंत्र करू शकतो, कुणाच्या देखरेखीखाली करू शकतो, किंवा नाही.

हाताच्या बाबतीत ही यादी लांबलचक होते, कारण इथं ऑर्थोवाले पण येतात न् प्लास्टिक सर्जरीवाले पण, दोघांचं शिक्षण वेगळ्या बाजूनं झालेलं. ऑर्थोवाल्याचा हात हाडावर बसलेला असतो अन प्लास्टिकवाल्याचा कातडी अन बारीक रक्तवाहिन्यांवर. म्हणून शहाणं हॉस्पिटल 'हँड सर्जरी, होय' असं एका ओळीत लिहीत नाही. बोटाच्या हाडाला वायर टाकणं, हाताच्या पाठीकडची शीर म्हणजे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवणं, अडकणारं बोट मोकळं करणं, मनगटातली दबलेली नस सोडवणं, हातात पू झाला तर तो काढणं, हे साधारण एका गटात. तळहाताकडचा वाकवणारा टेंडन बोटाच्या मुळापाशी तुटला तर तो वेगळा, तिथं एका अरुंद बोगद्यातून दोन टेंडन जातात अन जरा कमीजास्त झालं की सगळं चिकटून बसतं, जुने सर्जन त्या जागेला 'नो मॅन्स लँड' म्हणायचे. जन्मतः जुळलेली बोटं, मानेतून हाताकडं येणाऱ्या नसांच्या जुडग्याचं काम, मनगटात दुर्बीण घालून करायची ऑपरेशनं, हे सगळं अजून वेगळं. अन तुटलेलं बोट जोडणं सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ओळीत.

बोट जोडणं म्हणजे एक-दीड मिलिमीटरची रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्यानं शिवणं. जगात हे होऊन पण फार काळ नाही झाला, १९६२ साली अमेरिकेत बॉस्टनला एका मुलाचा आख्खा दंड जोडला, अन पूर्ण तुटलेला अंगठा मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा जोडला तो १९६५ साली जपानमध्ये. आता डॉक्टरला ते येत असेल समजा, फेलोशिपमध्ये केलं असेल. पण त्या हॉस्पिटलला ऑपरेशनचा मायक्रोस्कोप आहे का, सहा-आठ तास बसणारा भूलतज्ज्ञ रात्री मिळतो का, ते धागे हाताळायची सवय असलेली ओटी सिस्टर आहे का, अन ऑपरेशननंतर दर तासाला बोटाचा रंग अन ऊब बघून, काळंनिळं पडलं तर रात्री २ वाजता परत टेबलावर घ्यायची तयारी आहे का? हे नसलं तर ते प्रिव्हिलेज प्रोफेसर आला तरी द्यायचं नसतं. प्रिव्हिलेज डॉक्टरचं अन त्या छपराचं मिळून असतं, अन माझ्या मते तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते बरोबरच केलं. मला राग येतो तो "ठेवा, बघू" म्हणून चार तास बसवून मग पाठवणाऱ्यांचा.

पण नाही म्हणून मोकळं होणं पण पुरेसं नाही हां. पुढच्या हॉस्पिटलला त्यांनी फोन केला का, लेखी रेफर चिठ्ठीत वेळ टाकली का, तुटलेला भाग नीट बांधून दिला का, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. तुटलेला भाग सलाईनमध्ये ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, अन ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात. थेट बर्फावर ठेवायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही, हळद, कॉफी काही लावायचं नाही. बोटात स्नायू नसतात म्हणून ते दम धरतं, नुसतं असं राहिलं तर साधारण १२ तास, थंड ठेवलं तर २४ तासांपर्यंत. मनगटाच्या वर तुटलं तर स्नायू आला, मग हिशोब निम्म्यावर येतो, ६ तास. जळगावहून संभाजीनगर घाटातून दीडशेच्या वर किलोमीटर, नाशिक त्याहून लांब, म्हणून इकडं पहिल्या अर्ध्या तासात काय ठरतं त्याला फार किंमत आहे.

अन बोट का नाही जमलं, तर पात्यानं सरळ कापलं असलं तर जोडायला सोपं, रोलरमध्ये ओढलं गेलं किंवा चेंदलं तर रक्तवाहिनी आतून लांबवर ताणून खराब झालेली असते. कडबाकुट्टीत दोन्ही होतं, आधी ओढते, मग कापते. त्यात डॉक्टरचा दोष काढता येत नाही.

प्रश्न : ताई, मी शिरपूरकडचा, एमएस ऑर्थो करून नंतर दोन वर्षांची एफएनबी (नॅशनल बोर्डाची फेलोशिप) हँड अँड मायक्रोसर्जरी केली. गावाकडं परत आलोय. एका मोठ्या हॉस्पिटलला अर्ज दिला तर कमिटीनं ऑर्थो सगळं दिलं अन मायक्रोसर्जरीपुढं 'देखरेखीखाली' लिहिलं. तिथं देखरेख करणारा कुणीच नाही! आता मी काय करू?

उत्तर : डॉक्टर, हे वाचून हसू आलं अन वाईट पण वाटलं. आपल्याकडं कमिट्या असंच करतात, नाही म्हणायचं धाडस नसतं न् हो म्हणायची भीती वाटते, मग 'देखरेखीखाली' लिहून फाईल बंद. हे लिहिलं की देखरेख कोण करणार, किती केसेस, अन कधी फेरविचार, हे तिन्ही लिहायलाच पाहिजे, नाहीतर ते चक्क 'नाही'च आहे.

तुम्ही लेखी मागा. अर्जाला नुसती सर्टिफिकेटं लावली असतील तर लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, लावा, त्यात प्रत्येक केसमध्ये तुम्ही मेन सर्जन होतात की असिस्टंट हे वेगळं दाखवा, कमिटीला खरं तेच बघायचं असतं. एफएनबी ही नॅशनल बोर्डाची आहे, तीन-सहा महिन्यांच्या खासगी फेलोशिपसारखी नाही, हा फरक कमिटीतल्या जुन्या लोकांना माहीत असेलच असं नाही, तो नीट सांगा. जास्तीचं क्वालिफिकेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं नोंदवलं नसेल तर आधी ते करा. जिथं शिकलात तिथल्या दोन सरांची नावं द्या, अन हॉस्पिटलला सांगा की झेरॉक्सवर जाऊ नका, थेट तिथं मेल टाकून खात्री करा. चांगल्या ठिकाणी हे असंच करतात.

मग असं सुचवा की बाहेरच्या एका सीनियर हँड सर्जनला थोड्या काळासाठी तात्पुरतं प्रिव्हिलेज द्या, ते येतील तेव्हा आधीच ठरवलेल्या केसेस लावू, बोटाच्या नसा, टेंडन, फ्लॅप (जखम झाकायला कातडी सरकवून लावणं) वगैरे. इमर्जन्सीत तुटलेलं बोट घेऊन कुणी वाट बघत बसत नाही, म्हणून जोडणीची सुरुवात तिथून करू नका. आधी ठरवून करायच्या कामात ओटीची टीम बसवा, रात्रीच्या सिस्टर लोकांना बोटाचा रंग बघायला शिकवा, हाताची फिजिओथेरपी करणारं माणूस शोधा. ते शेवटचं कुणी धरतच नाही. टेंडन कितीही सुंदर शिवा, पुढचे सहा-आठ आठवडे स्प्लिंट अन व्यायाम नीट झाला नाही तर हात लाकूड होतो. मी कमिटीत असते तर थेरपिस्ट नसलेल्या हॉस्पिटलला तळहाताकडच्या टेंडनचं प्रिव्हिलेज दिलंच नसतं.

अजून एक आपल्या भागाचं. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, अन हाताच्या ऑपरेशनला दंडावर टुर्निके म्हणजे घट्ट पट्टा बांधून रक्त थांबवतात. सिकलच्या पेशंटला ते जपून, आधी तपासणी करून, भूलतज्ज्ञाशी बोलून. तुम्ही जिथं शिकलात तिथं हे रोज बघितलं नसेल कदाचित. तुमच्या प्रिव्हिलेजच्या कागदात ही अट तुम्हीच घालून घ्या, कमिटीवर वजन पडेल. कुष्ठरोगानं वाकडी झालेली बोटं सरळ करायची टेंडन ट्रान्सफर पण यादीत वेगळी मागून घ्या. ते काम आपल्याच देशात, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं, अन सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे पेशंट अजून येतात.

प्रश्न : आमचं चोपड्याला २० बेडचं छोटं हॉस्पिटल, आम्ही तीनच डॉक्टर. महिन्यातून दोनदा बाहेरून हाताचे सर्जन येतात. आम्हाला पण ही कमिटी-बिमिटी लागते का? ते येतात, करतात, जातात, जबाबदारी त्यांची ना?

उत्तर : नाही हो, जबाबदारी तुमची पण. २००४ साली सुप्रीम कोर्टानं सविता गर्ग प्रकरणात सांगितलं की पेशंट हॉस्पिटलच्या भरवशावर येतो, डॉक्टर पगारी आहे का बाहेरून येणारा, हॉस्पिटलला उत्तर द्यावंच लागतं. अमेरिकेत तर १९६५ मध्येच डार्लिंग नावाच्या केसमध्ये हॉस्पिटल अडकलं होतं. कॉलेजच्या मुलाचा खेळताना पाय मोडला, प्लास्टर घट्ट बसलं, बोटं काळी पडत होती अन कुणी वर कळवलं नाही, शेवटी पाय कापावा लागला. तेव्हापासून तिथं हॉस्पिटलं या कागदांबाबत फार कडक झाली.

तीन जण असलात तर तीनच जणांनी बसा, भूल देणाऱ्यांना अन हेड सिस्टरला धरा. येणाऱ्या सर्जनचं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा, आपल्या कौन्सिलचं दर पाच वर्षांनी रिन्यू होतं अन त्याला डॉक्टरांच्या प्रशिक्षण-कार्यक्रमांचे ३० क्रेडिट लागतात. इन्शुरन्सची कॉपी, लॉगबुक, अन एक यादी, आपल्याकडं काय करायचं न् काय नाही. ते शनिवारी ऑपरेशन करून गेले अन सोमवारी हात सुजला तर टाके कोण उघडणार हे त्या कागदावर नावानिशी असू द्या, छोट्या ठिकाणी गाडी तिथंच अडते. दोन वर्षांनी परत उघडून बघा, किती केसेस झाल्या, किती परत उघडाव्या लागल्या, किती टेंडन तुटले. जे ऑपरेशन दोन वर्षांत एकदाही झालं नाही ते यादीतून काढा, सर्जन रुसला तरी.

प्रश्न : साधा पेशंट हे कसं तपासणार? आमच्या भुसावळला तर प्रत्येक बोर्डावर 'तज्ज्ञ' लिहिलंय.

उत्तर : महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव टाकून बघा, रजिस्ट्रेशन अन डिग्री दिसते. हॉस्पिटलच्या भिंतीवर रुग्णहक्कांची सनद लावलेली असते, त्यात उपचार करणारा कोण, त्याची पात्रता काय, हे विचारायचा हक्क आहे. एनएबीएचचा बोर्ड असला तर एवढंच कळतं की अशी फाईल तिथं आहे. फाईल मागून कुणी देणार नाही, पण तोंडी विचारलेलं टाळलं तर समजून घ्या. डॉक्टरांना सरळ विचारा, हे ऑपरेशन तुम्ही इथं या वर्षात केलंय का, नंतर व्यायाम कोण करून घेणार, अन रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा. अन हे ॲडमिशनचा फॉर्म भरायच्या आधी विचारा, ॲडव्हान्स भरून झाल्यावर घरातलं कुणी विचारू देत नाही.