बघायला जायचं नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घरचे म्हणतात परत ये, खोलीतले मित्र म्हणतात इथे काही होत नाही, आणि तुला बुदैयाच्या बाजूला, शिया गावांजवळ, स्वस्तातली जागा मिळते आहे. तू बहारीन सोडावंस असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट पाळणार असशील तरच राहा. शिया आंदोलक आणि सुन्नी राजघराण्याचं सरकार यांच्या २०११ पासूनच्या भांडणातून रस्त्यावर गडबड झाली की बघायला जायचं नाही.

आपल्याकडे नाक्यावर चार माणसं जमली की पाय आपोआप तिकडे वळतात. ती सवय विमानतळावरच सोडायला हवी होती. ५ नोव्हेंबर २०१२ ला राजधानी मनामात गुदैबिया आणि अदलिया भागांत पाच स्फोट झाले. दोन परदेशी कामगार गेले, त्यांतला एक भारतीय. सरकारी निवेदनात म्हटलं होतं की एकाने वाटेत पडलेल्या वस्तूला लाथ मारली होती. पिशवी, डबा, पाइपचा तुकडा, काहीही दिसो. हात नाही, पाय नाही. आल्या वाटेने मागे फिर आणि लांब गेल्यावर ९९९ लाव.

'त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध' असं तू लिहितोस. हे वाचून मला राग आला, खरं सांगतो. सुरक्षा दलांत बाहेरच्या देशांतून, पाकिस्तानातूनही, माणसं भरली गेली, त्यांतल्या अनेकांना नागरिकत्व मिळालं. शिया वस्त्यांमध्ये त्याची चीड आहे, आणि ती चीड समजण्यासारखी आहे. २०११ च्या मार्चमध्ये ती दक्षिण आशियातल्या साध्या कामगारांवरही निघाली. नंतर २०११ च्या घटनांची चौकशी करणाऱ्या बसियूनी आयोगाने त्या हल्ल्यांची नोंद केली. तुझ्या चेहऱ्यावर कोल्हापूर लिहिलेलं नाही, बाबा. गर्दी पासपोर्ट तपासत नाही. पोलिसांचा अश्रुधूरही तपासत नाही.

जागेचं म्हणशील तर भाडं थोडं जास्त पडलं तरी त्या गावांच्या तोंडाशी घर घेऊ नकोस. टायर पेटतात ते तिथेच, आणि १४ फेब्रुवारीच्या, म्हणजे २०११ चं आंदोलन सुरू झालं त्या तारखेच्या, आसपास जास्त. पेटलेल्या टायरजवळून गाडी काढायची नाही. पुढे तेल सांडलेलं असतं, खिळे असतात. धूर दिसला की लांबूनच यू-टर्न घे, गल्लीत शिरू नकोस, हमरस्ता धर. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस.

खूण एकच लक्षात ठेव. खालच्या कोल्ड स्टोअरचं, म्हणजे तिथल्या किराणा दुकानाचं, शटर संध्याकाळी अवेळी अर्धं खाली आलं आणि दुकानदार रस्त्याच्या एकाच टोकाकडे बघतो आहे, तर पाव-दूध राहू दे, वर जा. खिडक्या लाव, एक्झॉस्ट पंखा बंद कर, खिडकीतला एसी बंद कर. दाराच्या फटीला ओला टॉवेल लाव. धूर आत आलाच तर डोळे चोळू नकोस, वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धू, कपडे बदल. आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत मोबाइल धरून उभा राहू नकोस! तेही बघायला जाणंच आहे. एका व्हिडिओपायी नोकरी, व्हिसा, सगळं जाऊ शकतं.

तीन दिवसांचं पाणी घरात हवं, माणशी रोज चार लिटर. वीज गेली की पंप बंद, मग गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच. थोडे दिनार सुट्या नोटांत ठेव. सीपीआर, म्हणजे तिथलं ओळखपत्र, खिशात. पासपोर्ट तुझ्याच ताब्यात हवा. कंपनी 'जपून ठेवायला' मागेल, सरळ नाही म्हण. मी देऊन बसलो होतो, ती बोचणी अजून गेलेली नाही. कर्ज किंवा फोनचं बिल थकवू नकोस, प्रकरण कोर्टात गेलं तर प्रवासबंदी लागते आणि ती ऐन विमानतळावर कळते. कॉजवेने, म्हणजे समुद्रावरच्या पुलाने, सौदीत निघून जाऊ असं मित्र म्हणत असतील, तर विचार त्यांना सौदीचा व्हिसा आहे का. २०११ मध्ये मनामाच्या एका पट्ट्यात दुपारी ४ ते पहाटे ४ संचारबंदी होती. म्हणून कामावरून परतायचे दोन रस्ते आधीच पाठ असलेले बरे.

तुला वाटेल म्हातारा पळपुटेपणा शिकवतो. त्या लोकांचं दुःख मला कळतं. २०११ च्या त्या एका वर्षात तिथल्या हजाराहून अधिक स्थानिकांच्या नोकऱ्या गेल्या. वाच, समजून घे, तुझ्या बहारीनी सहकाऱ्याने मन मोकळं केलं तर ऐकून घे. पण चौकात उभा राहून तू त्याला काही देऊ शकत नाहीस, आणि घरचा हप्ता तुझ्या पगारावर चालतो. इतक्या वर्षांत माझं हे मत कुणी बदलू शकलेलं नाही.

आईला रोज एकाच वेळी फोन करत जा. तुझ्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिच्याकडे अकरा, ती तोवर जागी असते. आणि त्या स्वस्त जागेची आगाऊ रक्कम दिली नसशील, तर उद्या सकाळीच नाही म्हणून कळव.

तुझा,
काका