दिवाण आणि दीवान

प्रश्न असा आहे: 'महाराजा किशन प्रसाद शाद हे हैदराबादचे दिवाण होते आणि उर्दू कवीही होते. उर्दूत कवितासंग्रहालाही दीवानच म्हणतात. मग हे शब्द दोन की एक?'

एकच. फारसी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ ना मंत्री, ना कविता. मूळ अर्थ नोंदवही. मुसलमानांचे दुसरे खलिफा उमर यांच्या काळात सैनिकांच्या तनख्याची नावनिशीवार वही घातली गेली, ती दीवान. पुढे वह्या ठेवायची कचेरीही दीवान झाली आणि कचेरीचा मुख्य तो दिवाण. 'दबीर' म्हणजे लेखनिक हा शब्द याच्याच गोतातला मानतात. अष्टप्रधानांतला डबीर तो हाच. राज्याभिषेकानंतर त्याचा सुमंत झाला.

कवितेच्या बाबतीत तर नोंदवहीपण अजून शाबूत आहे. जुना दीवान उघडून बघा. गझला काळाप्रमाणे लावलेल्या नसतात, विषयाप्रमाणेही नाहीत. शेराचे शेवटचे अक्षर बघून अलिफ या उर्दूच्या पहिल्या अक्षरापासून 'ये' या शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांची वर्णवारी लावतात. 'का', 'था' वर संपणाऱ्या अलिफात, म्हणून सुरुवातीला. 'नहीं' ही रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, असलेली नूनमध्ये, म्हणजे 'न'च्या खात्यात. 'है' उर्दूत 'ये'वर संपते, म्हणून 'है' वाल्यांची गर्दी शेवटी. त्यामुळे दीवानातली पहिली गझल ही कवीची पहिली गझल असे धरून चालणारे हमखास फसतात. एखाद्या आडमुठ्या अक्षराचे खाते रिकामे राहू नये म्हणून तेवढ्यापुरती रचलेली गझलही सापडते, आणि ती वाचताना कळतेच!

आता शाद, म्हणजे किशन प्रसाद. जन्म 1864 चा, खत्री घराणे. निजामाच्या दरबारातली पेशकारी, म्हणजे दिवाणाच्या हाताखालचा कारभार, या घरात पिढीजात होती. याच घराण्यातले राजा चंदूलालही राज्याचे कारभारी आणि कवी. त्यांचे तखल्लुस, म्हणजे कवितेतले टोपणनाव, 'शादां'; किशन प्रसादांचे 'शाद'. शाद म्हणजे आनंदी. आपले 'शाब्बास' हेसुद्धा मुळात 'शाद बाश', आनंदी राहा. किशन प्रसाद 1901 ते 1912 आणि पुन्हा 1926 ते 1937 असे दोनदा मुख्य कारभारी झाले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. कागदोपत्री मात्र त्यांचे पद पहिल्या खेपेला 'मदारुल-महाम' आणि दुसऱ्या खेपेला 'सदर-ए-आज़म'. आपण सरसकट दिवाण म्हणतो ते बोलण्यातले. चूक नव्हे, पण नेमकेही नव्हे. त्यांची कविता पहिल्या रांगेतली आहे असे मला वाटत नाही. त्यांचे मोठेपण आश्रयदाता म्हणून अधिक. लखनौचे कादंबरीकार सरशार, बदायूंचे कवी फ़ानी यांना त्यांनी हैदराबादेत आधार दिला. कवी इक़बालांशी तर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. स्वतः हिंदू असून त्यांनी नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिकाव्येही लिहिली.

मराठीत या शब्दाची पिलावळ मोठी. मोगली सुभ्यात महसूल आणि त्यातून निघणारे तंटे दिवाणाकडे, बंदोबस्त फौजदाराकडे. म्हणून आजही दावा दिवाणी आणि खटला फौजदारी. 1765 साली इंग्रजांनी बंगालची 'दिवाणी' मिळवली तीही महसुलाचीच. सावकाराच्या पेढीवरचा दिवाणजी तर सरळ वहीशीच बसलेला. दिवाण जिथे मसनद टाकून बसत त्यावरून दिवाणखाना, आणि त्यातली बैठक म्हणून पलंगवजा दिवाण.

'दिवाना' मात्र यातला नाही. तो 'दीव' म्हणजे भूत-राक्षस यावरून आला. दिवाना म्हणजे झपाटलेला. इराणच्या बादशहाने पुटपुटत हिशेब करणारे कारकून पाहून 'दीवाने आहेत!' म्हटले आणि कचेरीला ते नाव पडले, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. गमतीची आहे, व्युत्पत्ती म्हणून घेऊ नये.

लिहिताना मी माणूस, कोर्ट आणि पलंग यांना मराठी वळणाने 'दिवाण' लिहितो आणि कवितासंग्रहाला 'दीवान' ठेवतो. एकाच वाक्यात दोन्ही आले तर वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.