फेरमोजणीत आकडा जुळला नाही, तर चौकशी कुठून सुरू होते?

तुम्ही विचारलंय की एखाद्या देशाच्या निवडणुकीत फेरमोजणी करताना गडबडी सापडल्या, तर त्यांची चौकशी नेमकी होते कशी. आणि शेवटी लिहिलंय, "आकडे जुळले नाहीत म्हणजे चोरी पकडली गेलीच ना?" मला या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करायची आहे. मी शिक्षक होतो. नोकरीत असताना बऱ्याच निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून गेलो, दोनदा मतमोजणी पर्यवेक्षक होतो. हे वाक्य मी मोजणीच्या टेबलावर बसून, समोरून ओरडून म्हटलेलं ऐकलंय.

२०१९ ची लोकसभा. आमच्या टेबलावर एका केंद्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग, आलं. सील तपासली, नंबर जुळवले, रिझल्टचं बटण दाबलं. एकूण मतं ६६१. शेजारी त्याच केंद्राचा फॉर्म १७सी होता. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष झालेल्या मतांचा हिशेब त्यावर लिहून देतो. त्यावर आकडा ६११. जाळीपलीकडच्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना हे दिसायला क्षणही लागला नाही. "पन्नास मतं घुसवली!" म्हणून दोघं उभे राहिले आणि बघता बघता शेजारच्या टेबलांवरची मोजणीही थांबली.

त्यांच्यातच एक वयस्कर प्रतिनिधी होते. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली १७सीची स्वतःची प्रत काढली, आकडा बघितला आणि एवढंच म्हणाले, "बरोबर पन्नास? मॉक पोलचा कागद काढा की." कागद काढला. सकाळी मतदानाआधी पन्नास मतांचा मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायला घेतलेलं चाचणी मतदान, झाला होता आणि त्या कागदावर केंद्राध्यक्षाची आणि हजर असलेल्या सगळ्या प्रतिनिधींची सही होती. त्यानंतर ती मतं पुसणारं क्लिअरचं बटण दाबायचं राहून गेलं होतं. मशीन बाजूला ठेवलं, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना आणि निरीक्षकांना कळवलं, लेखी नोंद झाली. जिंकणाऱ्याची आघाडी त्या मशीनमधल्या मतांहून कमी असती, तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताबरोबर छापून डब्यात पडणाऱ्या, चिठ्ठ्या मोजाव्या लागल्या असत्या. आघाडी खूपच मोठी होती, त्यामुळे ती वेळ आली नाही.

हे सांगितलं ते "सगळ्या चुकाच असतात, चोरी कुठेच नसते" असं पटवायला नव्हे. चोऱ्या होतात, आणि प्रचंड होतात. पण चोरी असो की चूक, चौकशीची सुरुवात तिथूनच होते जिथून त्या काकांनी केली. फरक नेमका किती आहे, आणि तो समजावून सांगणारा कागद कुठे आहे?

आता चोरीचं उदाहरण घेऊ, कारण तुम्हाला त्यातच जास्त रस असणार. अफगाणिस्तान, २० ऑगस्ट २००९, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. प्राथमिक निकालात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई ५४ टक्क्यांच्या वर होते. ५० टक्के ओलांडले की दुसरी फेरी लागत नाही. तिथे तक्रारींसाठी निवडणूक आयोगापासून वेगळं एक तक्रार मंडळ होतं आणि त्यात संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले परदेशी सदस्यही होते. हा वेगळेपणा फार मोलाचा. ज्यांनी मतदान घेतलं त्यांनीच आपल्या कामाची चौकशी करायची, तर ती कितीही प्रामाणिक असली तरी हरलेल्याला पटत नाही.

या मंडळाने पेट्या उघडायच्या आधी आकडे चाळले. एका मतदान केंद्राला ६०० मतपत्रिका दिलेल्या होत्या. मग ज्या केंद्रावर ६०० किंवा त्याहून जास्त मतं पडली ते संशयित. जिथे एकाच उमेदवाराला ९५ टक्क्यांहून जास्त मतं तेही संशयित. बाहेर गोळीबार चालू, रस्ते बंद, आणि आत शेवटच्या मतपत्रिकेपर्यंत सगळं मतदान पूर्ण? अशा तीन हजारांहून जास्त पेट्या निघाल्या. त्या सगळ्या उघडणं शक्य नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा साधारण दहा टक्के निवडल्या आणि त्या उघडल्या.

पेटी उघडल्यावर काय बघतात, हे मला फार शिकण्यासारखं वाटतं. फेरमोजणी म्हणजे तीच मतं पुन्हा मोजणं. पेटीत खोटी मतं कोंबलेली असतील, तर दहा वेळा मोजा, आकडा तोच येणार आणि वर "फेरमोजणीत निकाल कायम" असा शिक्काही बसणार. म्हणून तिथे मोजायच्या आधी कागदाकडे बघायचं होतं. मतदार मतपत्रिका घडी घालून पेटीच्या फटीतून टाकतो. घडीच न पडलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा आत सापडला, तर तो फटीतून आलेलाच नाही, झाकण उघडून ठेवलेला आहे. शेकडो मतपत्रिकांवर एकाच पेनाने, एकाच वळणाची, एकाच जागी खूण असेल तर ती शेकडो माणसांची नाही. पेटीवरच्या सीलचा नंबर नोंदीतल्या नंबराशी जुळतो का, निकालपत्रावरचा आकडा खोडून वर दुसरा लिहिलाय का, हेही बघायचं. शाळेत पेपर तपासणाऱ्याला हे लगेच कळेल. तीस मुलांची अक्षरं तीस असतात. एकसारखी दोन आली की हात थांबतो.

त्या तपासणीनंतर करझाईंचा आकडा ४९.६७ टक्क्यांवर आला. म्हणजे पन्नासच्या खाली, पाव टक्क्याहून थोडा जास्त. दुसरी फेरी ७ नोव्हेंबरला ठरली. पण दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी १ नोव्हेंबरला माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी करझाई निवडून आल्याचं जाहीर झालं. चौकशी चोख झाली, तिने निकालही बदलला, तरी सत्ता त्याच माणसाकडे राहिली. मला याचं आजही वाईट वाटतं.

पाच वर्षांनी तिथेच याहून मोठा प्रकार झाला. १४ जून २०१४ ला अश्रफ घनी आणि अब्दुल्ला यांच्यात दुसरी फेरी झाली. पहिल्या फेरीत अब्दुल्ला पुढे होते. दुसऱ्या फेरीच्या प्राथमिक निकालात घनींना ५६.४४ टक्के मिळाले, आणि एकूण मतं पहिल्या फेरीपेक्षा दहा लाखांहून जास्त निघाली. अब्दुल्लांच्या गटाने फोनवरच्या संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. त्यात "मेंढ्या भरून आणा" अशी सांकेतिक भाषा होती आणि मेंढ्या म्हणजे मतपेट्या, असा त्यांचा आरोप होता. आयोगाच्या सचिवांनी आरोप नाकारले, पण राजीनामा दिला.

मग अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी काबूलला गेले आणि १२ जुलैला ठरलं की नमुना वगैरे काही नाही, एकूण एक पेटी तपासायची. जवळपास २३ हजार पेट्या! देशभरातून त्या काबूलला आणल्या, गोदामांत टेबलं मांडली. प्रत्येक पेटीमागे १६ मुद्द्यांची यादी, दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी आणि देशी-परदेशी निरीक्षक. सगळ्यात जास्त भांडणं "सारख्या खुणा" या एकाच मुद्द्यावर झाली. किती सारखी म्हणजे सारखी? शेवटी खूण बरोबरच्या चिन्हाची असते, तिला वळण असून असणार किती! ऑगस्टअखेर अब्दुल्लांची माणसं तपासणीतून बाहेर पडली. मग संयुक्त राष्ट्रांच्या सांगण्यावरून घनींची माणसंही निघाली, आणि उरलेलं काम दोघांच्याही प्रतिनिधींशिवाय पुरं झालं. २१ सप्टेंबरला दोघांनी एकत्र सरकारच्या करारावर सह्या केल्या. त्याच दिवशी आयोगाने घनी विजयी असं सांगितलं, पण मतांचे आकडे सांगितले नाहीत. घनींना ५५.२७ टक्के मिळाल्याचं नंतर कळलं. दोन महिने, हजारो माणसं, आणि ज्या आकड्यासाठी हे सगळं केलं तो आकडाच निकालाच्या दिवशी लोकांपुढे ठेवला नाही. चौकशीचा निष्कर्ष लपवणं मला कुठल्याही कारणासाठी मान्य नाही. "देश शांत राहावा" हे कारणसुद्धा मला पुरत नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. ऑस्ट्रिया, २२ मे २०१६. राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी फेरी, अलेक्झांडर व्हान डेर बेलन विरुद्ध नॉर्बर्ट होफर. रविवारी रात्री होफर पुढे. सोमवारी टपाली मतं मोजली आणि व्हान डेर बेलन ३०,८६३ मतांनी जिंकले. असं झालं की कुठल्याही देशात लोक म्हणणारच, "रातोरात फिरवलं." होफरांच्या पक्षाने घटना न्यायालयात तक्रार केली आणि जूनमध्ये उघड सुनावणीत साक्षी झाल्या.

साक्षींतून निघालं ते असं. टपाली मतांची पाकिटं सोमवारी सकाळी ९ नंतर, सगळ्या पक्षांचे सदस्य असलेल्या समितीसमोर उघडायची, हा कायदा. कित्येक ठिकाणी ती आधीच फोडून ठेवलेली होती, कुठे कुठे ज्यांना अधिकारच नव्हता अशा माणसांनी. का? काम लवकर उरकावं म्हणून. वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. आणि समितीच्या सदस्यांनी काय केलं? "आमच्यासमोर उघडली" असं लिहिलेल्या इतिवृत्तावर सह्या केल्या. काहींनी न वाचता केल्या, काही तर त्या वेळी तिथे नव्हतेच. सह्या करणाऱ्यांत तक्रार करणाऱ्या पक्षाचीही माणसं होती.

न्यायालयाला मतांत फेरफार झाल्याचा पुरावा सापडला नाही. तरी १ जुलै २०१६ ला त्यांनी देशभरातली ती पूर्ण फेरी रद्द केली. त्यांचा हिशेब समजून घ्या. १४ जिल्ह्यांत नियम मोडून हाताळलेली मतं ७७,९२६ आणि विजयाची आघाडी ३०,८६३. म्हणजे त्या पाकिटांत कुणी हात घातला असता, तर निकाल फिरू शकला असता. घातला की नाही, हे सिद्ध करायची तिथे गरजच नाही. शिवाय मतदान चालू असताना अर्धेमुर्धे निकाल माध्यमांना कळवले जात होते, तेही न्यायालयाने बेकायदा ठरवलं. फेरमतदान आधी २ ऑक्टोबरला ठरलं होतं. टपाली मतांच्या पाकिटांचा डिंक सुटतोय असं दिसल्यावर ते ४ डिसेंबरला ढकललं. त्यात व्हान डेर बेलन पुन्हा जिंकले, या वेळी ५३.७९ टक्क्यांनी.

आपल्याकडचा कायदा इथे वेगळा आहे, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० मध्ये, नियम मोडला गेला एवढं दाखवून निवडणूक रद्द होत नाही. नियम मोडल्यामुळे विजयी उमेदवाराच्या निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हे याचिका करणाऱ्याला दाखवावं लागतं. परिणाम होऊ शकला असता, हे ऑस्ट्रियात पुरलं. आपल्याकडे पुरत नाही. फेरमोजणीचंही तसंच. मोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो, त्यात कारणं द्यावी लागतात आणि अधिकारी तो फेटाळूही शकतो. पुढे उच्च न्यायालयात गेलात, तरी "मला संशय आहे, सगळं उघडून बघा" असं म्हणून चालत नाही. १९६४ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय की कुठल्या केंद्रावर, काय, किती मतांचं, हे नेमकं मांडा, मगच मतपत्रिका उघडायचा विचार होईल. मला हा भार जरा जास्त वाटतो. ज्याच्या हातात कागदच नाहीत तो नेमकं सांगणार कुठून?

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या देशातली अशी बातमी वाचाल, तेव्हा तिच्यात तीन गोष्टी शोधा. गडबड झालेली मतं किती आणि आघाडी किती. ती मतं मतदानापासून मोजणीपर्यंत कुणाच्या ताब्यात होती आणि त्याची सहीनिशी नोंद आहे का. आणि चौकशी करणारा, निवडणूक घेणाऱ्यापेक्षा वेगळा आहे का. बातमीत गडबडीचा आकडा असतो, आघाडीचा बहुतेक वेळा नसतो. ऑस्ट्रियाचा ७७,९२६ हा आकडा ३०,८६३ शेजारी ठेवल्याशिवाय काहीच सांगत नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की तुमचा भाऊ या वेळी एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी आहे. त्याला माझा निरोप द्या. सकाळी मॉक पोल संपल्यावर क्लिअर केलेलं मशीन शून्य दाखवतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दुपारी कुणी "नंतर घाई होते, आताच सही करून ठेव" म्हणून कोरा १७सी पुढे केला, तर सही करू नकोस. माझ्यासमोर एका केंद्रावर असा कागद फिरला आहे, आणि सह्या करणारी माणसं भली होती, फक्त कंटाळलेली होती. संध्याकाळी भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घे, तो तुझा हक्क आहे. निकाल लागल्यावरही ती फेकू नकोस. निवडणूक याचिकेला ४५ दिवसांची मुदत असते, तोवर तरी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेव.