हूक नंतर, आधी एक पावसाळा बघ

आपल्या सर्पमित्रांच्या गटात आलीस, फार बरं वाटलं. पण पहिल्याच आठवड्यात ‘दादा, साप पकडायचा हूक कुठे मिळेल?’ विचारलंस, म्हणून लिहितोय. हूक राहू दे.

आधी बिनविषारी कवड्या आणि तिच्यासारखीच दिसणारी जहाल विषारी मण्यार, हे दोन साप डोळ्यांत बसू देत. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारचे उलट: मानेजवळ पुसट, शेपटीकडे स्पष्ट. शिवाय मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. टाकलेली कात उन्हात धरलीस तर तिच्यावरही ही ओळ दिसते. खात्री नसेल तर मण्यारच समजायची. तिचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो. ना सूज, ना फारशी वेदना. माणसं पोटात दुखतंय म्हणून ओवा खाऊन सकाळची वाट बघतात, आणि तेवढ्यात श्वास अडकतो. असं कुणी सांगितलं की थेट सरकारी दवाखाना, मांत्रिक नाही.

साप घरी ठेवायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच.

मे महिन्यात परवानगी काढून सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर जाऊ. दगडावर चढून गळ्याचा पंखा फुलवणारा सरडा एकदा बघच. पहिल्या पावसानंतर रात्री डबक्याकाठी बेडकांचे आवाज मोबाईलवर टिपायचे. टॉर्च आणि गमबूट आण.