दार उघड, सासूबाई हाक मारतायत

पत्र: "आम्ही वसईचे. नवरा म्हणतो वाडी बिल्डरला देऊ, माझं मन होत नाही. वर्षभर रोज पहाटे बायबल घेऊन बसते, देवाला विचारते, काहीच ऐकू येत नाही. सासूबाईंना कमी दिसतं, सारख्या हाका मारतात म्हणून दाराला कडी लावूनच बसते. देवाचा आवाज ओळखायचा कसा?"

बाय, तू विचारलंस वाडीचं, पण मी त्या कडीवरच अडकले.

बायबलातलं पहिलं शमुवेल काढ, तिसरा अध्याय. एली म्हातारा पुजारी, डोळे अधू झालेले. रात्री देवाची हाक येते आणि त्याच्या हाताखालचा पोरगा शमुवेल उठून धावतो तो एलीकडे, हा मी आलो, बोलावलंत ना, असं तीनदा होतं, दोनदा तर एली त्याला जा झोप म्हणून परत पाठवतो तरी तिसऱ्यांदा पोर उठतंच. देवाचा आवाज त्याला अजून ओळखीचाच नव्हता गं, म्हाताऱ्याच्या हाकेला उठायची सवय तेवढी होती, आणि त्या सवयीनेच तो एलीने शिकवलेल्या "बोल, तुझा दास ऐकत आहे" इथवर पोचला. तुझ्या घरात तशीच हाक येते नि तू कडी घालतेस!

म्हणशील, मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनेच सांगितलंय की दार लावून प्रार्थना कर. सांगितलंय, पण लोकांनी बघावं म्हणून नाक्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांवरून. म्हातारीला बाहेर ठेवायला नाही.

राग आलाय मला, खरंच. तुझ्या सासूबाईंच्या पिढीतल्या आपल्या बायांनी लाल लुगडं नेसून वाड्या राखल्या, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी घालून केळी नि पानवेली जगवल्या, टोपल्या घेऊन पहाटेची लोकल पकडली. आणि तुझ्या एवढ्या पत्रात, आईला वाडीबद्दल कोणी विचारलं, अशी एक ओळ नाही.

त्या म्हणतील तेच देवाचं उत्तर, असं मी म्हणत नाहीये. कदाचित विका म्हणतील, कदाचित रडतील, कदाचित तुम्हा दोघांना झोंबेल असं बोलतील. शमुवेलला ऐकू आलं तेही एलीच्या घराण्याविरुद्धच होतं, सांगायला घाबरलं होतं पोर.

उद्या पहाटे दार सताड उघडं ठेव. हाक आली की बायबल तिथेच ठेवून ऊठ, त्यांच्या खाटेवर बस, वाडीचं विचार आणि त्या थांबेपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस. आणि नवऱ्याला आजच सांग, आईचं बोलून होईपर्यंत बिल्डरच्या कागदावर सही नाही.