वाचक विचारतात : फ्रेंच वाइनवर गावाचे नाव का असते?

नाशिक जिल्ह्यातील वाइनच्या द्राक्षांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा रोख फ्रान्सकडे आहे. कोणाला बाटलीवरचे लेबल वाचता यायला हवे आहे, तर बागायतदारांना तिथली बाग कशी करतात याची उत्सुकता आहे. त्यांतील चार पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : नातेवाइकांनी फ्रान्सहून आणलेल्या बाटलीवर ‘शातोनफ-द्यु-पाप’ एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. द्राक्ष कोणते, याचा उल्लेख कुठेही नाही. आपल्याकडच्या बाटलीवर शिराझ, शेनिन ब्लाँ असे स्पष्ट छापलेले असते. फ्रेंच लोक ही माहिती का देत नाहीत?

उत्तर : ती माहिती गावाच्या नावातच आहे. शातोनफ-द्यु-पाप हे दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, आव्हिन्यों शहराजवळ वसलेले गाव आहे. हे नाव लेबलवर लावायचे असेल तर द्राक्षे कोणत्या शिवारातली हवीत, वेली कोणत्या जातींच्या हव्यात, छाटणी कोणत्या पद्धतीची हवी आणि हेक्टरी जास्तीत जास्त किती वाइन काढता येईल, हे सारे कायद्याने ठरलेले आहे. या गावाला तेरा जाती चालतात आणि त्यांत ग्रनाश ही मुख्य. तोडणी हातानेच करावी लागते आणि वाइनमध्ये किमान १२.५ टक्के अल्कोहोल असावे लागते. ज्याला गाव ठाऊक, त्याला द्राक्ष ठाऊक, असा तिथला रिवाज आहे. शाब्ली म्हटले की शार्डोने, वोल्ने म्हटले की पिनो न्वार. जर्मनीच्या सीमेलगतचा अल्सास प्रांत मात्र द्राक्षाचे नाव लिहितो, त्यामुळे नवख्या माणसाला तिथल्या बाटलीपासून सुरुवात करणे सोपे जाते.

आपल्याला हे समजायला हापूस पुरेसा आहे. कोकणातील पाच जिल्ह्यांबाहेर पिकलेल्या आंब्याला हापूसचे भौगोलिक मानांकन लावता येत नाही, हे २०१८ पासून आपण ऐकत आहोत. परक्या मुलखातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला गेला की कोकणातील बागायतदाराचे काय नुकसान होते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

फ्रान्समध्येही हा कायदा मुळात शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांतून आला. लेबलांविषयी बोलताना हा भाग बहुधा सांगितलाच जात नाही, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. वाइनची टंचाई झाली तेव्हा बेदाणे भिजवून आणि साखरेचे पाणी आंबवून केलेला माल वाइन म्हणून विकला जाऊ लागला. बागा पुन्हा उभ्या राहिल्या, तरी हा खोटा माल बाजारातून हटेना आणि अस्सल वाइनचे भाव कोसळले. १९०७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडील बागायतदार रस्त्यावर उतरले. माँपेलिए शहरात लाखोंचा मोर्चा निघाला आणि जून महिन्यात नार्बोन येथे सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतातील शेतकऱ्यांनी काही व्यापाऱ्यांची तळघरे फोडली, कारण हे व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त माल आणून त्यावर शॅम्पेनचे नाव लावत होते. पुढे शातोनफ-द्यु-पापच्या बागायतदारांनी बारों ल र्वा या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या बागायतदाराच्या पुढाकाराने आपल्या गावापुरते नियम स्वतःवर घालून घेतले. १९३५ मध्ये देशभराचा कायदा झाला आणि १९३६ मध्ये ज्या नावांना सर्वांत आधी मान्यता मिळाली, त्यांत हे गाव होते. तुमच्या घरी आलेल्या बाटलीवरचे नाव त्या खटपटीतून आलेले आहे.

प्रश्न (एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका) : आमची थॉमसन या खाण्याच्या द्राक्षाची बाग आहे. एकरी दहा टन माल निघाला नाही तर खर्च सुटत नाही. फ्रान्समध्ये मुद्दाम कमी माल घेतात, पाणीही देत नाहीत आणि छाटणी वर्षातून एकदाच करतात, असे ऐकले. हे खरे आहे का? आणि त्यांना ते परवडते कसे?

उत्तर : छाटणीपासून सुरुवात करू. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे आणि बर्गंडी प्रांतातील बोन हे गाव ४७ अंशांवर. आपल्याकडे वेल वर्षभर हिरवी राहू पाहते, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड काढायचा, अशी दोन कामे आपण तिच्याकडून करवून घेतो. तिथे हे काम थंडीच करते. नोव्हेंबरात पाने गळतात, वेल सुप्तावस्थेत जाते, हिवाळ्यात एकच छाटणी होते आणि एप्रिलमध्ये डोळे फुटतात. जूनमध्ये फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते आणि फुलोऱ्यापासून साधारण शंभर दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरात, तोडणी सुरू होते. तिथल्या बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो तो एप्रिलमध्ये, कारण कोवळ्या फुटीवर एक रात्र कडाक्याचे हिमतुषार पडले की वर्षाचे पीक जाते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर असेच झाले होते. अशा रात्री शाब्लीतील शेतकरी ओळींमध्ये शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवून पहाटेपर्यंत जागत बसतात.

उताऱ्याविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे. शातोनफ-द्यु-पापला हेक्टरी ३५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे. म्हणजे एकरी साधारण १,४०० लिटर वाइन, आणि त्यासाठी लागणारी द्राक्षे जेमतेम दोन टन. बर्गंडीत तर मीटरभर अंतरावर वेल आणि मीटरभर अंतरावर ओळ, अशी हेक्टरी दहा हजार वेलींची दाट लागवड असते आणि एका वेलीवर मोजकेच घड ठेवतात. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. आपल्याला खाण्याचे द्राक्ष टपोरे, पातळ सालीचे, बिनबियांचे आणि कुरकुरीत हवे असते. वाइनला त्याच्या उलट, लहान मण्याचे, जाड सालीचे, बिया असलेले द्राक्ष लागते, कारण रंग, वास आणि तुरटपणा यांचा मोठा भाग सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितके गराच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त. पाणी देऊन मणी फुगवला की हे सारे पातळ होते. म्हणून मानांकित बागांमध्ये पाणी देण्यावर फार पूर्वीपासून बंधने आहेत, अलीकडे कोरड्या भागांत ती काहीशी सैल झाली असली तरी. तिथे वसंतात आणि उन्हाळ्यातही पाऊस पडतो, हेही विसरता कामा नये. निफाडच्या उन्हात कोणी त्यांची नक्कल करू नये.

मी एका हंगामात बोनजवळच्या एका गावी तोडणीला होतो. मांडवाखाली हात वर करून घड काढायची सवय असलेल्या माणसाला तिथली पहिली दोन दिवसांची कंबरदुखी विसरता येत नाही, कारण घड गुडघ्याच्याही खाली असतात. जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब रात्री घडांना मिळावी, म्हणून वेल इतकी बुटकी ठेवतात. मालक रसातली साखर ब्रिक्स या अंशांत मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर खिशात बाळगून होता, पण त्यावर तो विसंबत नव्हता. ओळीतून चालता चालता मणी तोंडात टाकायचा, गर गिळून साल बराच वेळ चघळायचा, मग बी हातावर घेऊन पाहायचा. बी हिरवट असली आणि दाताखाली चिवट लागली, तर साखर कितीही चढलेली असो, तो तोडणी पुढे ढकलायचा. ब्रिक्स साखर सांगते आणि त्यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते, त्यामुळे २२ ब्रिक्सच्या रसातून साडेबारा-तेरा टक्क्यांची वाइन होते. सालीतला तुरटपणा पिकला की नाही, हे मात्र ब्रिक्स सांगत नाही.

आता परवडण्याचे. ज्यांच्या गावाच्या नावाला भाव आहे, त्यांना दोन टनही परवडतात, कारण त्या दोन टनांची वाइन करून बाटली विकली जाते. सगळ्यांचे तसे नाही. बोर्डोसारख्या जगप्रसिद्ध प्रदेशातही साधी वाइन करणाऱ्यांचा माल पडून राहू लागला आणि २०२३ मध्ये वेली उपटणाऱ्यांना हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना काढावी लागली. फ्रान्सचा बागायतदार सुखी आहे असे चित्र आपल्याकडे रंगवले जाते, ते अर्धेच खरे आहे.

प्रश्न (कृषी पदवीचा एक विद्यार्थी, कोल्हापूर) : आम्ही शिकतो त्या बोर्डो मिश्रणाचा आणि बोर्डो वाइनचा काही संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. डाऊनी अर्थात केवडा हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला तो १८७८ च्या सुमारास, आणि बोर्डो परिसरातील बागांची पाने गळू लागली. १८८२ मध्ये बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या नजरेस आले की मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. चौकशी करता कळले की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत, म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारले होते. मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्या मदतीने त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपले बागायतदार आजही शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेऊन एक टक्क्याचे जे द्रावण करतात, त्याचे मूळ तिथे आहे.

तुमच्या अभ्यासक्रमातील खुंट-कलमाचाही या इतिहासाशी संबंध आहे. फायलॉक्सेरा ही माव्याची नातलग कीड युरोपीय वेलीच्या मुळांवर जगते. माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी १८६८ मध्ये मेलेल्या वेलीच्या शेजारची जिवंत वेल उपटून तिची मुळे तपासली, तेव्हा ती सापडली. अमेरिकी रानवेलींची मुळे तिला दाद देत नाहीत, असे लक्षात आल्यावर अमेरिकी खुंटावर फ्रेंच जातींची कलमे बांधून जवळजवळ सारा देश पुन्हा लावला गेला. आपल्याकडचे डॉगरिज हे खुंटही मूळचे अमेरिकेतील टेक्ससचेच. आपण ते वापरतो पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी, कारण वेगळे असले तरी तंत्र तेच आहे.

प्रश्न (नोकरीनिमित्त लिओं येथे राहणारी एक वाचक) : गेल्या सप्टेंबरात जवळच्या बोजोले भागात तोडणी पाहिली. तिथे द्राक्षे न चिरडता अख्खे घडच टाकीत टाकत होते. रस न काढता वाइन कशी होते?

उत्तर : तुम्ही नेमकी वेगळी पद्धत पाहिलीत. एरवी लाल वाइनसाठी मणी देठांपासून सोडवून हलके फोडतात आणि साल-बियांसकट टाकीत भरतात. काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा रंगहीन असतो, रंग सालीतून उतरतो. म्हणूनच शॅम्पेनमध्ये काळ्या पिनो न्वारचा रस लगेच पिळून काढून त्यापासून पांढरी वाइन करता येते. टाकीत यीस्ट साखरेचे अल्कोहोल करू लागले की तयार होणाऱ्या वायूने साली वर उचलल्या जातात आणि त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो दिवसातून एक-दोनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर साली कोरड्या पडून आंबूस होतात. आठ-पंधरा दिवसांनी रस वेगळा काढतात आणि उरलेला चोथा पिळतात. त्यानंतर जिवाणू द्राक्षातल्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, आणि हे दह्यातले सौम्य आम्ल आल्यावर वाइनची धार कमी होते. पुढे तिला लाकडी पिंपात मुरवायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या पसंतीवर आहे.

बोजोलेमध्ये गामे जातीचे अख्खे घड भरून टाकी झाकतात. तळाचे मणी वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबतो आणि त्यातून निघालेला कर्बवायू टाकी भरून टाकतो. प्राणवायू संपल्यावर वरच्या अखंड मण्यांच्या आतच, यीस्टशिवाय, त्यांच्या स्वतःच्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) थोड्या साखरेचे अल्कोहोल होऊ लागते. सालीतला तुरटपणा कमी उतरतो, फळांचा वास भरपूर येतो आणि वाइन लवकर पिण्याजोगी होते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी तुमच्या शहरात जी नवी बोजोले येते, ती अशीच केलेली असते.

गामेला उत्तरेकडच्या बर्गंडीत मान नाही, आणि ही नावड जुनी आहे. १३९५ मध्ये तिथला सरदार फिलिप याने भरघोस पिकणारी ही जात हलकी ठरवून उपटून टाकण्याचे फर्मान काढले होते. बर्गंडीच्या चुनखडीत ती साधारणच उतरते हे खरे, पण बोजोलेच्या उत्तर भागातील ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तिचे सोने होते, असे मी अनुभवाने सांगतो. मोर्गों किंवा मुलँ-आ-व्हां ही नावे बाटलीवर दिसली तर ती वाइन काही वर्षे ठेवूनही पाहा.

पुन्हा तोडणीला गेलात तर टाकीवर वाकून आत डोकावू नका. तिथे साठलेला वायू डोळ्यांना दिसत नाही आणि माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. ओळख असेल तर आठवडाभराने टाकी रिकामी करताना त्यांच्याकडून एक अखंड मणी मागून घ्या. बाहेरून तो तोडणीच्या दिवशी होता तसाच दिसतो, पण दाताखाली फुटला की जिभेवर किंचित चुरचुरतो, आणि त्याला द्राक्षापेक्षा वाइनची चव जास्त असते.