‘विश्वकोशात आहे, मग चूक कशी?’

सहावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या आईची तक्रार अशी होती: मुलगी सगळे प्रकल्प नेटवरून उतरवते. बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर ‘कॉपी’ म्हटलं आणि तेव्हापासून भूगोलाच्या तासाआधी तिचं पोट दुखतं. ‘घरातलं नेट बंदच करू का?’ हा आईचा प्रश्न. असाच प्रश्न अनेक पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वही पाहिल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या. प्रकल्प होता ‘आपला जिल्हा : ठाणे’. काही वाक्यांच्या शेवटी तिनं सुबक अक्षरात [३], [७] असे कंस काढले होते. हे विकिपीडियावरचे तळटीपांचे क्रमांक. न समजता उतरवल्याची याहून ठळक खूण नाही. दुसरी गोष्ट मात्र निराळी होती. तालुक्यांच्या यादीत जव्हार, डहाणू, मोखाडा होते आणि त्यावर लाल फुली होती. मुलगी एवढंच म्हणाली, “विश्वकोशात आहे, मग चूक कशी?”

तिचं खरं होतं. मराठी विश्वकोशाचे खंड १९७६ पासून छापले गेले. लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, काम वाईहून चाले. आज तो संकेतस्थळावर वाचता येतो, पण तिनं वाचलेली नोंद छापील खंडासाठी लिहिलेली होती, आणि तेव्हा जव्हार-डहाणू ठाण्यातच होते. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. पालघरकडे आठ तालुके गेले, ठाण्यात सात उरले. तिच्या मैत्रिणीनं विकिपीडियावरून सात लिहिले होते आणि तिला पूर्ण गुण मिळाले होते. म्हणजे जिला फुली मिळाली तिनं खोटं लिहिलं नव्हतं, जुनं लिहिलं होतं. हा फरक मुलीला आधी स्पष्ट सांगितला. पोटदुखी ‘कॉपी’ या एका शब्दाची नव्हती. आपण खरं सांगतोय आणि कुणी ऐकत नाही, याची होती.

मग बाईंशी बोलणं झालं, मुलीची बाजू घेऊन नव्हे, तर तास कसा घ्यायचा यावर. वर्ग चाळिसाच्या आसपास, एक प्रोजेक्टर, नेट कधी येतं कधी जातं. ‘ठाणे जिल्ह्याची माहिती लिहा’ असा प्रश्न दिला की मूल उतरवणारच, कारण माहिती लिहिलेली समोरच आहे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर कुठल्याही एका पानावर तयार मिळू नये. ‘दोन कोशांत तालुक्यांची संख्या वेगळी का आहे?’ हा तसा प्रश्न.

चाळीस मिनिटांच्या तासाची मांडणी ठरली ती अशी. पहिली पाच मिनिटं मुलं आपला अंदाज वहीत लिहितात. मग विश्वकोशाची आणि विकिपीडियाची नोंद पडद्यावर एकामागून एक. प्रत्येकी चार मिनिटं, फक्त वाचायचं, पेन खाली. पडदा बंद झाल्यावर आठवेल ते पाच ओळींत लिहायचं. पडदा पुन्हा उघडतो तो फक्त नावं, सन आणि आकडे पडताळायला. या एका क्रमानं उतरवणं जवळजवळ थांबतं. मुलं मुळात लबाड नसतात. उघडं पान डोळ्यासमोर असलं की हात आपोआप चालतो. उरलेला वेळ दोन प्रश्नांचा: हे कधी लिहिलं, आणि कशावरून? विश्वकोशाच्या नोंदीखाली बहुधा लेखकाचं नाव आणि संदर्भग्रंथ असतात. विकिपीडियाच्या पानावर ‘इतिहास पहा’ दाबलं की कोणता बदल कधी झाला ते दिसतं, आणि तळटीप उघडून मूळ ठिकाणी जाता येतं. तळटीप नसलेला आकडा वहीत पेन्सिलीनं लिहायचा, पेननं नाही. पेन्सिलीचा हा नियम मुलांना भलताच आवडतो.

बिघडतं कुठं, तेही सांगायला हवं. मराठी विकिपीडियावरची बरीच पानं दोन-चार ओळींची आहेत. मग मुलं इंग्रजी पान उघडून ब्राउझरच्या भाषांतराचं बटण दाबतात आणि वहीत विचित्र मराठी येतं. अशा वेळी शिक्षकांनी पान आदल्या दिवशी स्वतः वाचून ठेवावं, आणि ते तोकडं असेल तर विषय बदलावा. निळे दुवे दाबत मुलं ठाण्यावरून क्रिकेटपर्यंत पोचतात. एका तासाला दोनच दुवे, अशी मर्यादा पुरते. ‘संपादन’ दाबून पानात काहीबाही लिहायचा मोह होतोच. शाळेतल्या सगळ्या संगणकांचा बाहेरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर दिसणारा ओळख-क्रमांक, बहुतेक एकच असतो. एकानं खोडसाळपणा केला तर सगळ्या शाळेला संपादन बंद होऊ शकतं. नेट बेभरवशाचं असेल तर ‘किविक्स’ हे मोफत ॲप घ्यावं. विकिपीडियाची फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हनं प्रत्येक संगणकात टाकली की पानं नेटशिवाय उघडतात. मात्र ती फाइल तयार झाली त्या तारखेलाच थांबलेली असते. ती तारीख फळ्यावर लिहून ठेवावी, नाहीतर विश्वकोशाचाच घोटाळा पुन्हा होईल.

संदर्भ लिहिण्याची पद्धत एका ओळीची ठेवली: नोंदीचं नाव, कोशाचं नाव, पाहिल्याची तारीख. नुसतं ‘गूगल’ लिहिलं तर चालत नाही. गूगल शोधून देतं, माहिती दुसऱ्यानं लिहिलेली असते. दहा गुणांपैकी तीन या ओळीला आणि पडताळणीला. गुण दिले नाहीत तर ही ओळ कुणीही लिहीत नाही, हे गृहीत धरावं.

आईला नेट बंद करू नका असं सांगितलं. घरी ‘नेटवरून काढलंस ना?’ हा प्रश्न मात्र बंद करायचा. त्याचं खरं उत्तर दिलं तरी ओरडा आणि खोटं दिलं तरी ओरडा, म्हणून मूल गप्प बसतं. त्याऐवजी ‘कुठं वाचलंस, दाखव बरं’ म्हणायचं आणि पान शेजारी बसून पाहायचं. पोटदुखीसाठी आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, हेही सांगितलं. सगळंच मनाचं असतं असं नाही.

बाईंनी ती लाल फुली खोडून ‘२०१४ पूर्वी बरोबर’ असं लिहिलं, आणि तेही वर्गासमोर. पोटदुखी कमी होत गेली. भूगोलाच्या वहीत आता तळटीपांचे कंस नसतात. विज्ञानाच्या वहीत अजून असतात, कारण तिथला प्रश्न अजून ‘माहिती लिहा’ असाच येतो. आता त्या सरांशी बोलायचं आहे.